ठिकाणांची यादी पुरे, आता रस्त्यांबद्दल लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत भूमध्य समुद्राकाठच्या देशांवर पानभर लेख होता, तो मी दोनदा वाचला आणि मग हे पत्र लिहायला बसले. बार्सिलोना, रोम, नीस, दुब्रोव्हनिक सगळं आलं होतं, फोटोही छान होते, पण खालच्या चौकटीत असं लिहिलं होतं की किनारा सोडून आत गेलं की बघण्यासारखं फारसं काही नाही, आणि सायकलचे मार्ग आहेत पण ते तरुण आणि कसलेल्या लोकांसाठी आहेत. या दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. मी हे ऐकीव सांगत नाहीये, मी स्वतः त्या रस्त्यांवर सायकल चालवलीय, आणि माझं वय ५९ आहे.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. रिटायर झाल्यावर मी आणि माझी नणंद, वन्संचं वय ६३, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, अशा आम्ही दोघी तीन वेळा तिकडे गेलो, एकदा स्पेनचा आंदालुसिया, एकदा इटलीच्या टाचेचा पुलिया, आणि शेवटी फ्रान्सचा प्रोव्हान्स आणि तिथून पुढे क्रोएशियाचं इस्त्रिया. तिन्ही वेळा मोठ्या शहरात फक्त विमानाची रात्र काढली, बाकी सगळं खेड्यांत. मला तुमच्याकडे तक्रार करायचीय ती एवढीच की तुम्ही दरवेळी ठिकाणांची यादी देता, हा किल्ला, ते चर्च, तो बीच, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत कसं जायचं ते मधलं सगळं सोडून देता. त्या भागात खरा इतिहास त्या मधल्या पट्टीत आहे हो. जुन्या रेल्वेची वाट, पाण्याच्या कालव्याची वाट, रोमन लोकांचा रस्ता, मेंढ्या न्यायची वाट. आपण ज्याच्यावरून चाललोय तेच बघण्यासारखं असतं, आणि ते बसमधून दिसत नाही कारण बस तिथून जातच नाही.

आधी स्पेनचं सांगते. तिथे १९९३ साली एक योजना सुरू झाली, व्हिया वेर्दे म्हणजे हिरवी वाट. तेव्हा स्पेनमध्ये ७६०० किलोमीटरच्या वर रेल्वेमार्ग असे होते जे बंद पडलेले तरी होते किंवा बांधून कधी वापरलेच नव्हते. रूळ काढलेले, स्टेशनांची छपरं पडलेली, बोगद्यात शेळ्या. त्यातले ३००० किलोमीटरच्या वर आता चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी तयार केलेत. आता यात तुमच्या चौकटीतल्या "कसलेल्या लोकांसाठी" या वाक्याचं उत्तर आहे बघा. वाफेचं इंजिन मालगाडी ओढत उभा चढ चढू शकत नाही, म्हणून रेल्वे बांधताना इंजिनिअर लोकांनी डोंगराला वळसे घातले, दऱ्यांवर पूल टाकले, टेकड्या फोडून बोगदे काढले, आणि चढ शंभर मीटरला दोन-तीन मीटरच्या वर जाऊ दिला नाही. ती सगळी मेहनत मालगाड्यांसाठी झाली होती, आज तिचा फायदा गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला होतो. वन्संनी इ-बाईक घेतली होती, युरोपात तिची मोटर ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत करते आणि पायडल मारलं तरच चालते, त्यामुळे व्यायाम व्हायचा तो होतोच. मी साधी गिअरची घेतली.

आमची पहिली वाट होती व्हिया वेर्दे देल आसेइते, तेलाची हिरवी वाट. हाएन शहरापासून कॉर्दोबा प्रांतातल्या पुएन्ते हेनिलपर्यंत १२८ किलोमीटर. ही लाईन १९व्या शतकाच्या शेवटी झाली, लिनारेसच्या खाणीतलं शिसं आणि या भागातलं ऑलिव्हचं तेल बंदराकडे न्यायला, म्हणून लोक तिला तेलाची गाडीच म्हणायचे, आणि १९८०च्या दशकात ती बंद पडली. हाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींच्या वर झाडं आहेत. हा आकडा मी आधी वाचला होता पण आकडा वाचून काही होत नाही, सायकलवर बसून सकाळी आठला निघालात आणि अकरा वाजले तरी दोन्ही बाजूला तीच झाडं, टेकडीवर, टेकडीच्या पलीकडे, त्याच्याही पलीकडे, ओळीत लावलेली, खाली तांबूस पांढरी माती, तेव्हा कळतं की एखादा सबंध प्रांत एकाच पिकावर जगतो म्हणजे काय. वारा आला की पानांची खालची चंदेरी बाजू वर येते आणि सगळी टेकडी एकदम रंग बदलते. ते बघायला आम्ही कितीदा तरी थांबलो.

मध्ये मध्ये किल्ले येतात. अल्काउदेतेचा किल्ला कालात्राव्हा नावाच्या लढवय्या धर्मसंघाने सांभाळला, कारण १३व्या शतकानंतर कितीतरी काळ हीच सरहद्द होती, इकडे कास्तिलचं ख्रिस्ती राज्य, तिकडे ग्रानादाचं मुस्लिम राज्य, आणि ग्रानादा पडलं ते थेट १४९२ मध्ये. वर्गात मी हे वर्ष मुलांकडून पाठ करून घ्यायचे, पण दोन राज्यांच्या मध्ये दोनशे वर्षं सरहद्द असते म्हणजे नक्की काय असतं ते मला तिथे समजलं. दर थोड्या अंतरावर टेकडीच्या टोकावर टेहळणीचा बुरूज, एकावरून दुसरा दिसेल असा. सायकलवर असलं की पहिला बुरूज मागे पडतो, पुढचा हळूहळू वर येतो, आणि धूर करून निरोप कसा जात असेल ते आपोआप लक्षात येतं. गाडीतून हे दोन बुरूज म्हणजे दोन फोटो.

लुके गावाच्या अलीकडे खारट पाण्याचं तळं लागतं, पाऊस झालेला असेल तर त्यात फ्लेमिंगो असतात, आम्हाला होते. पुढे सुएरोस हे पांढरं गाव कड्याला चिकटलेलं आणि त्याच्या टोकाला सरळ खडकातून उगवल्यासारखा मुस्लिम काळातला किल्ला. गावाच्या वर डोंगरात वटवाघळांची गुहा आहे, तिच्यात नवाश्मयुगातल्या माणसांचे अवशेष सापडलेत. ती वाट मात्र रेल्वेची नाही, उभा घाट आहे, तिथे मी सायकल हातात धरून चालले. दोन्या मेन्सिया आणि काब्रा इथली स्टेशनं छान दुरुस्त केलीत, काब्राच्या स्टेशनात तेलाच्या गाडीबद्दल छोटं म्युझियम आहे. दऱ्यांवरचे लोखंडी पूल अजून तेच आहेत, रिव्हेट मारलेले, खाली बघितलं की पोटात गोळा येतो पण कठडे मजबूत आहेत.

दुसरी वाट काडिझ आणि सेव्हिल प्रांतांच्या हद्दीवर, व्हिया वेर्दे दे ला सिएर्रा, पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा, ३६ किलोमीटर. या वाटेचा इतिहास जरा दुःखाचा आहे. १९२०च्या दशकात डोंगरातल्या गावांना रेल्वेने जोडायचं ठरलं, काम जोरात सुरू झालं, ३० बोगदे खोदले, ४ मोठे पूल बांधले, स्टेशनांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि मग पैसे आटले, मंदी आली, यादवी युद्ध आलं आणि काम थांबलं ते थांबलंच. त्या मार्गावरून एकही गाडी कधीच धावली नाही. म्हणजे विचार करा, गावातल्या लोकांनी हातांनी बोगदे खोदले, मजुरी केली, आपल्या दारात गाडी येणार म्हणून वाट बघितली, आणि सत्तर वर्षांनी तिथून पहिली चाकं गेली ती सायकलींची. सगळ्यात लांब बोगदा जवळजवळ एक किलोमीटरचा आहे. आत गारवा, पाणी ठिबकतं, आपल्याच चाकांचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो. मला तिथे गप्प व्हायला झालं. वन्सं पण काही बोलल्या नाहीत, बाहेर आल्यावर म्हणाल्या, इथे कामाला आलेल्या माणसांची नावं कुठे लिहून ठेवलीत का बघ. आम्हाला तरी कुठे दिसली नाहीत.

याच वाटेवर साफ्रामागोनचा कडा आहे, त्यात ग्रिफॉन गिधाडांची मोठी वसाहत. जुन्या स्टेशनच्या इमारतीत त्यांच्यासाठी माहिती केंद्र केलंय. आम्ही कड्याखाली बसून ब्रेड आणि चीज खाल्लं आणि वर बघत राहिलो, पंख न हलवता ती पाच पाच मिनिटं फिरतात. कोरिपे गावाजवळ कित्येक शतकांचं एक ओकचं झाड आहे, त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिलाय, सावली केवढी तरी. शेवटी ओल्वेरा दिसायला लागतं, वर किल्ला, शेजारी चर्च, खाली पांढरी घरं उतरत आलेली.

आता पुलिया. माझं मन सगळ्यात जास्त तिथे रमलं त्यामुळे जरा लांबेल, कापायचं तर दुसरीकडून कापा.

पुलियात नद्या जवळजवळ नाहीतच. सगळा चुनखडीचा खडक, पाऊस पडला की पाणी भेगांतून खाली जातं, वर काही उरत नाही. शतकानुशतकं लोक छतावरचं पावसाचं पाणी घराखालच्या टाक्यात साठवून वापरायचे, आणि उन्हाळ्यात ते पाणी खराब झालं की कॉलराच्या साथी यायच्या. मग १९०६ मध्ये काम सुरू झालं, आपेनाईन डोंगराच्या पलीकडे कापोसेले गावात सेले नदीचे झरे आहेत, ते पाणी पश्चिमेकडच्या समुद्राकडे जायचं, ते डोंगराखालून बोगदा काढून पूर्वेकडे वळवायचं. १९१५ मध्ये पाणी बारी शहरात पोचलं, आणि पुढे थेट इटलीच्या टाचेच्या टोकाला, सान्ता मारिया दि लेउकापर्यंत. पंप नाही, फक्त उतार. आता पाणी उताराने न्यायचं म्हणजे कालव्याचा उतार अगदी हलका पाहिजे, आणि त्याच्या बाजूने देखभाल करणाऱ्यांसाठी केलेली जी वाट आहे ती पण तशीच हलकी. त्याच वाटेचा सायकल मार्ग करायचं चाललंय, कापोसेले ते लेउका साधारण ५०० किलोमीटर. सगळा झालेला नाहीये हे स्पष्ट सांगते, कारण तुमचा एखादा वाचक नकाशा बघून निघाला आणि मध्ये गेटला कुलूप दिसलं तर त्याचे हाल व्हायला नकोत. पण इत्रिया खोऱ्यातला चिस्तेर्निनो आणि चेलिये मेस्सापिका गावांच्या मधला तुकडा तयार आहे, बारीक खडीचा, गाड्यांना बंदी, आणि आम्ही तो दोन्ही दिशांनी केला, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी, कारण उजेड बदलला की भिंती वेगळ्या दिसतात.

भिंती म्हणजे गडगे. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. शेतात नांगर चालवायचा तर आधी दगड वेचून काढायला लागतात, मग ते टाकायचे कुठे, तर त्यांचेच गडगे घातले, गोल झोपड्या बांधल्या, टाक्या बांधल्या. युनेस्कोने २०१८ मध्ये अशी दगड रचायची कला वारशाच्या यादीत घेतली, आठ देशांनी मिळून अर्ज केला होता, त्यात इटली, स्पेन, फ्रान्स, क्रोएशिया, ग्रीस, सायप्रस हे भूमध्य समुद्राकाठचे होतेच. आमच्या वाटेवर एका वळणावर एक म्हातारे गृहस्थ पडलेला गडगा परत रचत होते. आम्ही थांबलो, भाषा येत नाही, तरी अर्धा तास उभ्या होतो. एक दगड उचलायचा, हातात फिरवायचा, एकदा लावून बघायचा, नाही बसला तर बाजूला ठेवायचा पण फेकायचा नाही, कारण पुढे कुठेतरी तोच लागणार. आतल्या पोकळीत बारीक दगड भरायचे, आणि भिंतीच्या दोन्ही बाजू वर जाताना थोड्या आत कलत्या ठेवायच्या म्हणजे भिंत स्वतःच्या वजनाने घट्ट बसते. त्यांनी वन्संना एक दगड दिला लावायला. वन्संनी लावला, त्यांनी तो काढून उलटा करून परत लावला आणि हसले. सबंध ट्रिपमध्ये असा वर्ग मी दुसरा बघितला नाही, आणि मी ३० वर्षं शिकवलंय.

अल्बेरोबेल्लोचं नाव तुमच्या लेखात होतं, टोपीसारख्या छपरांची घरं म्हणून. ती त्रुल्ली, गावात साधारण १५०० आहेत, १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत. पण ती तशी का बांधली ते लिहायला पाहिजे होतं. इथले जमीनदार म्हणजे आक्वाव्हिव्हा घराण्यातले काउंट, आणि नापोलीच्या म्हणजे नेपल्सच्या राजाचा नियम असा की नवीन वस्ती वसवली की कर भरायचा. म्हणून काउंट लोकांनी शेतकऱ्यांना सांगितलं की घरं चुना न वापरता रचा, म्हणजे तपासणीला कोणी आलं तर पटकन पाडता येतील आणि वस्तीच नाही असं दाखवता येईल. १७९७ मध्ये गावातल्या लोकांनी राजाकडे जाऊन दाद मागितली तेव्हा कुठे त्यांची जमीनदारांच्या हातून सुटका झाली. आता ती घरं बघताना तुमच्या लेखातला "परीकथेतलं गाव" हा शब्द मला खटकला, कारण आपलं घर कधीही पाडायला लागेल या बोलीवर माणसं तिथे राहिली. आणि खरं सांगायचं तर अल्बेरोबेल्लोत गर्दी फार आहे, दुकानंच दुकानं. तेच त्रुल्ली तुम्हाला सायकलच्या वाटेवर शेतात एकेकटे दिसतात, कोणी राहतंय, कोणाचं छप्पर पडलंय, आतून उंबराच्या जातीचं अंजिराचं झाड वर आलंय.

तिथून उतरून समुद्राकडे गेलं की ओस्तुनी आणि फासानोच्या खालचं मैदान लागतं. इथले ऑलिव्ह हाएनसारखे ओळीत नाहीत, मोठमोठे, पिळवटलेले, काहींची खोडं मधून फाटून दोन झालेली, आणि त्यातले बरेच हजार वर्षांच्या पुढचे मानतात. २००७ साली पुलियाच्या सरकारने कायदा करून अशा झाडांची नोंद आणि संरक्षण सुरू केलं. याच मैदानातून रोमन काळातला व्हिया त्रायाना जायचा, सम्राट त्रायानने इसवी सन १०९ मध्ये बांधायला घेतलेला, बेनेव्हेन्तोहून ब्रिन्दिसीच्या बंदराकडे. मूळचा आप्पियन रस्ता त्याच्याही आधीचा, इसवी सनपूर्व ३१२ चा, आणि २०२४ मध्ये आप्पियन रस्ता युनेस्कोच्या यादीत आला तेव्हा हा त्रायाना पण त्यात धरला. एन्यात्सिया या जुन्या शहराच्या अवशेषांत समुद्राच्या अगदी काठाला त्या रस्त्याची फरसबंदी उघडी आहे. तिथून पुढे सायकलने जुन्या मळ्यांच्या मधून जाता येतं, मळे म्हणजे मास्सेरिया, तटबंदी असलेली शेतघरं, कारण समुद्रातून चाचे यायचे. काही मळ्यांखाली खडकात कोरलेले तेलाचे घाणे आहेत, आत उतरून बघता येतात. जमिनीखाली का, तर थंडीत पण आत ऊब राहते आणि तेल गोठत नाही.

इथे एक वाईट गोष्ट पण सांगायलाच पाहिजे. २०१३ मध्ये दक्षिणेला गाल्लिपोलीजवळ ऑलिव्हची झाडं शेंड्याकडून वाळायला लागली, झायलेला नावाचा जीवाणू निघाला, तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करतो, आणि फेस करणारा एक छोटा किडा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. बाहेरून आलेल्या शोभेच्या कॉफीच्या रोपांबरोबर तो आला असावा असं शास्त्रज्ञ मानतात. लाखो झाडं गेली. रोग पसरू नये म्हणून लागण झालेली झाडं तोडायचे हुकूम निघाले तेव्हा शेतकरी आडवे झाले, आजोबांच्या आजोबांनी लावलेलं झाड कोण तोडू देईल. आता रोग वरच्या मैदानापर्यंत आलाय. आम्ही लेचे शहराच्या खाली, दक्षिणेला, दोन दिवस सायकल चालवली, सबंध दुपारभर राखाडी सांगाडे, पक्षी नाही, सावली नाही. काही ठिकाणी रोगाला दाद न देणाऱ्या लेच्चिनो जातीची नवीन रोपं लावलीत, गुडघ्याएवढी. तुमच्या पुरवणीत पुलियाचा फोटो हिरवागार होता. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे, आणि हा दुसरा अर्धा भाग लोकांनी बघावा असं मला मनापासून वाटतं, कारण तिथे पाहुणे यायचे थांबले तर त्या शेतकऱ्यांकडे उरतं काय.

प्रोव्हान्सचं थोडक्यात. काव्हायों ते आप्त अशी जुनी रेल्वे होती, तिचा सायकल मार्ग झालाय, कालाव्हों नदीच्या काठाने, आणि तो युरोपच्या ८ नंबरच्या लांब मार्गाचा भाग आहे, जो स्पेनच्या काडिझपासून थेट सायप्रसपर्यंत काढलाय. या वाटेवर बोन्यो गावाच्या खाली पों ज्युलियां नावाचा तीन कमानींचा रोमन पूल आहे, इसवी सनपूर्व ३ मधला, इटली ते स्पेन जाणाऱ्या दोमितिया रस्त्यावरचा. या पुलावरून २००५ पर्यंत मोटारी जात होत्या! दोन हजार वर्षं वाहतूक, मग बाजूला नवीन पूल बांधला आणि जुना चालणाऱ्यांना आणि सायकलींना ठेवला. मी तिथे उतरले, पुलाच्या दगडावर हात ठेवला आणि सायकल ढकलत पार केला, चालवत जावंसं वाटलं नाही.

इस्त्रियात पारेन्झाना, त्रिएस्ते ते पोरेच १२३ किलोमीटरची नॅरोगेज, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजवटीत १९०२ मध्ये सुरू आणि इटलीच्या राजवटीत १९३५ मध्ये बंद. आज तीच वाट इटली, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया या तीन देशांतून जाते. आम्ही ग्रोझन्यान ते मोतोवुन एवढाच भाग केला, जंगल, बोगदे, दगडी पूल, आणि समोर टेकडीवर मोतोवुनचं तटबंदीचं गाव बराच वेळ दिसत राहतं. तेहतीस वर्षं चाललेली गाडी, आणि तेवढ्या काळात तिथल्या माणसांचं राज्य एकदा बदललं, पुढे अजून बदललं, वाट तीच.

आता तुमच्या लेखात नव्हत्या अशा कामाच्या गोष्टी. जुलै-ऑगस्टमध्ये या भागात आत अजिबात जाऊ नका, आंदालुसियात पारा चाळिशीच्या वर जातो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. दुपारी दोन ते पाच गावातली दुकानं बंद असतात, जेवण आणि पाणी त्याच्या आधी घ्या, आणि बरीच छोटी म्युझियम सोमवारी बंद असतात, आमचा एक सोमवार त्यात गेला. पुलियात गावागावात कालव्याच्या काळातले ओतीव लोखंडाचे नळ आहेत, पाणी चांगलं. स्पेनमध्ये गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट सक्तीचं आहे. इटलीत गावाबाहेर अंधार पडल्यावर, आणि बोगद्यात कधीही, चमकणारं जाकीट घालायलाच लागतं. खडीच्या वाटेवर बारीक टायरची रेसिंग सायकल नेऊ नका. भाड्याची सायकल घेताना ब्रेक आणि ट्यूब आपण स्वतः तपासा, आम्हाला एकदा मागचा ब्रेक झिजलेली सायकल मिळाली आणि ते उतारावर कळलं, सुदैवाने उतार रेल्वेचा होता म्हणून निभावलं. बसायची सीट कमरेच्या हाडाएवढी वर ठेवा, गुडघे दुखत नाहीत, हे वन्संच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं आणि ते खरं निघालं.

आणि कृपा करून हे छापा की गडग्यांवर चढून फोटो काढू नका. एक दगड निसटला की पुढच्या पावसात चार हात भिंत बसते. आमच्या डोळ्यांदेखत एका ग्रुपमधली मुलं चढली, दोन दगड गडगडले, आणि ते तसेच टाकून पुढे गेली. झाडावरचे ऑलिव्ह आणि अंजीर पण तोडू नका, ते कोणाच्या तरी शेतातले आहेत.

संपादक महोदय, माझी विनंती अशी की ती चौकट पुढच्या रविवारी दुरुस्त करा, आणि जमलं तर दर महिन्याला एक वाट घ्या. कुठून सुरू करायची म्हणजे उतार आपल्या बाजूने राहतो, जवळचं चालू रेल्वे स्टेशन कुठलं, पाणी कुठे, मुक्काम कुठल्या गावात, आणि ती वाट आधी कशासाठी होती. वन्संनी तिन्ही ट्रिपची वही ठेवलीय, कुठल्या गावात नळ, कुठल्या पुलावर खड्डा, कुठल्या वळणावर सावली, सगळं किलोमीटरसकट. ती वही मी ऑफिसात आणून द्यायला तयार आहे, झेरॉक्स काढून परत द्या म्हणजे झालं.

आपली,
एक जुनी वाचक

ता.क. वन्सं म्हणतात बोगद्यांचं लिहायचं राहिलं. काही बोगद्यांत दिवे आहेत पण ते मध्येच बंद असतात, म्हणून सायकलला पुढचा आणि मागचा दोन्ही दिवे लावा, आणि उन्हातून एकदम आत शिरताना गॉगल आधी काढा, आत गेल्यावर नाही.